तंबोऱ्याच्या गवसणीतून सात नंबर

नळस्टॉप मेट्रो स्टेशनवर बॅगा तपासणाऱ्या ताईंनी माझी गवसणी पट्ट्यावर आडवी घातली, पडद्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली. "काका, हा तंबोरा नाहीये." मी तंबोरा म्हणालोच नव्हतो. गवसणी तेवढी तंबोऱ्याची होती. बायकोने इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेतल्यापासून ती माळ्यावर पडून होती. गोल्फची अख्खी बॅग मेट्रोत नाचवण्यापेक्षा तिच्यात पाच काठ्या घालून न्याव्यात, असा हिशेब मी केला होता. नाडी सोडून लांब फटक्यांचे ड्रायव्हर आणि पाच नंबरचा वूड, मधल्या अंतराचं सात नंबरचं आयर्न, वाळूतून बॉल काढायचा सँड वेज आणि भोकात ढकलायचा पटर दाखवले. "हॉकी का?" "गोल्फ." "पुण्यात खेळतात?" टोकियो ऑलिंपिकला गेलेला उदयन माने पुण्यात खेळतो, हे सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं, पण मागे रांग होती.

चाललो होतो कल्याणीनगरकडे, क्लब फिटिंगला (क्लब म्हणजे गोल्फची काठी). म्हणजे शिंप्याकडे माप द्यायला जातो तसं, फक्त इथे माप अंगाचं कमी आणि स्विंगचं जास्त घेतात. याबद्दल मराठीत काही सापडलं नाही, म्हणून हा वृत्तांत जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी दुखणं सांगतो. माझी उंची पाच फूट पाच इंच. सहा वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याची बदली झाली, तेव्हा त्याचा संच मी स्वस्तात घेतला. तो गडी सहा फुटांच्या वर. तेव्हा वाटलं, काठी ती काठी. तेव्हापासून माझी आयर्न डावीकडे जातात आणि ड्रायव्हर उजवीकडे. कोचने ग्रिप बदलली, उभं राहणं बदललं, मी व्हिडिओ पाहून मनगटं बदलली. येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर ज्या कॅडीबरोबर, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाबरोबर, मी बहुतेक वेळा खेळतो, त्याने मात्र मागच्या वर्षीच सात नंबर उलटा करून दाखवला होता. "साहेब, हे बघा, टाचेकडंच घासलंय सगळं. टो वर राहतोय तुमचा. काठी लांब हाय." (क्लबच्या डोक्याची दांड्याकडची बाजू ती टाच, टोकाकडची ती टो.) मी हसून बॉल मागितला. पुढे यंत्रांनी, पडद्यांनी आणि एका सुशिक्षित तरुणाने अडीच तास खपून जे सांगितलं ते हेच होतं. फी वेगळी.

मधे एक फसलेला प्रयोगही झाला. एका दुकानात 'मोफत फिटिंग' होतं. जाळीत सहा बॉल मारायला लावले, कुणीतरी "व्वा सर" म्हणालं आणि दुकानात जो संच पडून होता तोच नेमका माझ्या मापाचा निघाला. मी चहा पिऊन परत आलो. मोफत फिटिंग वाईटच असतं असं नाही, पण समोर निरनिराळे शाफ्ट (दांडे) आणि निरनिराळी हेड (डोकी) अदलाबदल करून लावता येतील अशी मांडलेली गाडी दिसली नाही, तर ती विक्री आहे असं समजावं.

आता खरा दिवस. गुरुवार, जुलै, बारीक पाऊस. नळस्टॉपहून कल्याणीनगर स्टेशन साधारण अर्ध्या तासात येतं, पुढे रिक्षा. जागा म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची उंच छताची खोली. एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला हिरवी मॅट आणि तिच्याशेजारी बुटाच्या खोक्याएवढा कॅमेरा. इथे एक गोष्ट आधीच विचारून घ्या: यंत्र कॅमेऱ्याचं आहे की रडारचं. कॅमेऱ्याचं यंत्र टोला बसतानाचे क्षण टिपतं आणि पुढचं उड्डाण गणिताने काढतं, म्हणून बंद खोलीत ते चांगलं चालतं. रडार बॉलचा पाठलाग करतं, त्याला मोकळं मैदान मिळालं तर सोन्याहून पिवळं. दुसरा प्रश्न, यंत्रात समुद्रसपाटीपासूनची उंची किती भरली आहे? पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ, त्यामुळे बॉल थोडा जास्त जातो. शून्य भरलेलं असेल तर पडद्यावरचे आकडे आपल्या कोर्सशी जुळणार नाहीत. मी विचारलं तेव्हा फिटर एकदम खुशीत आला. मूळचा साताऱ्याकडचा मुलगा, तिशीही नसेल. "हे कुणी विचारत नाही, सर."

पहिली वीस मिनिटं नुसत्या गप्पा. आठवड्यातून किती खेळता, कंबर दुखते का, हँडिकॅप, म्हणजे ठरलेल्यापेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, किती (बावीस), बॉल कुठे चुकतो, बजेट किती. बजेट खरं सांगा. मी पहिल्यांदा कमी सांगितलं, त्याने त्या हिशेबाने काढलेले शाफ्ट पाहून मग खरा आकडा सांगितला, त्यात दोघांचाही वेळ गेला. नंतर टेप. उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, म्हणजे हात सैल सोडून सरळ उभं राहायचं आणि मनगटाच्या घडीपासून खाली मोजायचं. माझं बत्तीस इंच भरलं. उंचीपेक्षा हे अंतर जास्त महत्त्वाचं, कारण दोन माणसं एकाच उंचीची असली तरी हातांची लांबी वेगळी असते. पिंग या क्लब बनवणाऱ्या कंपनीचे मापाचे रंगीत ठिपके याच दोन मापांवरून सुरू होतात, काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड. पण ती फक्त सुरुवात. उभ्या माणसाची मापं आणि स्विंग करणाऱ्या माणसाची मापं यांत फरक पडतो.

मग माझ्याच सात नंबरने बारा बॉल. मित्रांना मी आजवर छातीठोकपणे सांगत आलो होतो की माझा सात नंबर दीडशे यार्ड जातो. पडद्यावर सरासरी कॅरी, म्हणजे बॉल जमिनीला टेकेपर्यंतचं हवेतलं अंतर, आली १२६. दीडशे गेला होता, नाही असं नाही, एकदा, बावधनच्या डोंगरात ऑक्सफर्डच्या कोर्सवर, उतारावर, पाठीवर वारा घेऊन. माणूस आपला सर्वांत लांबचा फटका सरासरी म्हणून लक्षात ठेवतो, हे फिटरला पाठ होतं. तो काही बोलला नाही, फक्त सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब फटका यांच्यातल्या फरकावर बोट ठेवलं: ३१ यार्ड. म्हणजे ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या हिरवळीच्या) आधीचा वाळूचा बंकर आणि ग्रीनच्या मागची झाडी, दोन्हीकडे माझी सोय एकाच काठीने होत होती.

यानंतरचा प्रकार मला सगळ्यात आवडला. क्लबच्या तळाला त्याने काळी टेप चिकटवली आणि जमिनीवर प्लास्टिकची फळी ठेवली. फळीवरून बॉल मारायचा, म्हणजे टेपला जिथे घासण्याची खूण उमटेल तिथे क्लब जमिनीला टेकला. खूण मधोमध हवी. माझी अगदी टाचेच्या कडेला, नखाएवढी. शाफ्ट जमिनीशी जो कोन करतो त्याला लाय म्हणतात. तो जास्त उभा असला की टो वर उचलला जातो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे निघतो. त्याने माझा क्लब यंत्रावर मोजला: स्टँडर्डपेक्षा अर्धा इंच लांब, दोन अंश उभा. सहकाऱ्याने स्वतःसाठी तसा करून घेतला असणार. त्याच्यासाठी बरोबरच होता तो. मी सहा वर्षं दुसऱ्याचा चष्मा घालून वाचत होतो आणि दोष अक्षरांना देत होतो.

घरच्या घरी तपासायचं असेल तर व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर एक जाड रेघ काढा, रेघ उभी आणि क्लबच्या बाजूला येईल असा ठेवा, मारा. क्लबच्या तोंडावर रेघेचा ठसा उमटतो. ठसा सरळ उभा असेल तर लाय ठीक, तिरका असेल तर फिटरकडे जायला कारण आहे. हे कळायला पैसे लागत नाहीत.

मग शाफ्ट. माझे जुने स्टीलचे, वजन १२० ग्रॅमच्या आसपास, वर 'एस' लिहिलेले, म्हणजे स्टिफ. माझा सात नंबरचा वेग ताशी ७३ मैल, त्याला एवढं कडक आणि जड काही लागत नाही. आता फिटरने जो डाव केला तो ऐका. त्याने तीन शाफ्टांवरची अक्षरं निळ्या टेपने झाकली आणि मला काही न सांगता मारायला लावलं. दोन नंबरचा हातात घेतल्याबरोबर आवडला, खटका बसावा तसा आवाज, ठसे तोंडाच्या मध्यावर. टेप काढली तर 'ए'. ए म्हणजे सीनियर. मी चोपन्न वर्षांचा आहे आणि मला अजून मेट्रोत कुणी जागा देत नाही, तरी क्षणभर लागलं. त्याहून थोडा कडक रेग्युलरही परत मारून पाहिला, मुद्दाम जोर लावून. जोर लावलेला दिसत होता, सहा यार्ड कमी. शेवटी सीनियर, ग्रॅफाइट, सत्तर ग्रॅमच्या आत. तुम्ही जाल तेव्हा फिटरला अक्षरं झाकायला स्वतःहून सांगा.

हेड निवडताना मोह पडतो, तिथे सांभाळा. एका हेडने माझा सात नंबर एकदम १३९ गेला. मी खिशात हात घालायच्या बेतात होतो. फिटरने दुसरे आकडे दाखवले: फिरकी मिनिटाला ४६०० आणि बॉल खाली येण्याचा कोन ३८ अंश. म्हणजे ग्रीनवर पडून सुसाट पुढे पळणार. त्या सात नंबरचं लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल) २७ अंश होतं, जुन्या पद्धतीच्या संचात तेवढ्या लॉफ्टला पाच नंबर म्हणत. आकडा बदलला की अंतर वाढल्यासारखं वाटतं, इतकंच. त्यातला पिचिंग वेज ४२ अंशांचा आणि माझा सँड वेज ५६ चा, मधे चौदा अंशांची दरी, ती भरायला आणखी दोन वेज विकत घ्या. आम्ही ३१ अंशांच्या सात नंबरवर थांबलो. कॅरी १३१, खाली येण्याचा कोन ४४, आणि सर्वांत आखूड-लांब यांतला फरक १५ यार्ड. अंतर वाढलं फक्त पाच यार्ड. पैसे दिले ते त्या पंधराचे.

ड्रायव्हरच्या चौथ्या बॉलला दिवे गेले. गुरुवार! नळाला पाणी नसतं हे प्रत्येक पुणेकराच्या रक्तात आहे, विजेचं मी विसरलो होतो. इन्व्हर्टर दिव्यांपुरता, संगणक बंद, आधीचे तीन बॉल गेले. अर्धा तास आम्ही इन्व्हर्टरच्या उजेडात ग्रिप (मुठीचं वेष्टण) पाहत बसलो, आणि खरं सांगायचं तर ग्रिपकडे एरवी माझं लक्षच गेलं नसतं. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत. माझी रुतत नव्हती, पोचतही नव्हती. जुनी ग्रिप जाड निघाली, खाली टेपचे तीन थर. आता स्टँडर्ड, आणि पावसाळ्यात हात निसटतो म्हणून सुती धागा असलेली.

या ब्रेकचा आणखी एक फायदा. साठ-पासष्ट बॉल मारून मी दमलो होतो आणि दमलेल्या माणसाचं माप घेऊन उपयोग नाही. शक्य असेल तर आयर्न एका दिवशी आणि ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी करा. आदल्या दिवशी व्यायाम नको, खाऊन जा, नेहमीचेच बूट आणि नेहमीचाच ग्लव्ह न्या. वीज आल्यावर ड्रायव्हर झटपट उरकला: आधी बॉलचा वेग ताशी ११९ मैल, फिरकी ३७००. एक इंच आखूड शाफ्ट आणि एक अंश जास्त लॉफ्ट दिल्यावर क्लबचा वेग थोडा उतरला, तरी बॉलचा १२३ झाला, कारण ठसा मध्यावर आला. उजवीकडे अजून जातो. तो दोष माझा, काठीचा नाही, असं त्याने फार नम्रपणे सांगितलं.

संच किती काठ्यांचा? नियमाने चौदापर्यंत नेता येतात. मी बारावर थांबलो. तीन आणि चार नंबरची आयर्न मी कधी धड मारली नाहीत, त्यांच्याऐवजी दोन हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधले) घेतले. पाच नंबरचा जुना वूड आणि पटर तसेच ठेवले. "हे बदलू नका, सर," हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्या फिटरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. फिटिंगची फी संच घेतला तर वजा होते का, आणि न घेताही मापांचा कागद मिळतो का, हे वेळ ठरवतानाच फोनवर विचारा. त्या कागदावर प्रत्येक क्लबची लांबी, लॉफ्ट, लाय, शाफ्टचं पूर्ण नाव आणि ग्रिपखालच्या टेपचे थर हवेत.

कागदाचा उपयोग मला पाच आठवड्यांनी झाला. संच आला, सगळं झकास, फक्त आठ नंबर डावीकडे. मार्करची रेघ तिरकी. नेऊन मोजला तर लाय एक अंश सपाट करायची राहून गेली होती. दहा मिनिटांत वाकवून मिळाला. म्हणून ताब्यात घेतानाच समोर एकेक क्लब मोजून घ्या, लाजू नका. आणि मॅटवरच्या आकड्यांवर शेवटचा शिक्का मारू नका. मॅटवर क्लब आधी जमिनीला लागला तरी घसरून पुढे जातो आणि फटका खपून जातो, गवतावर तो तिथेच रुततो. डेमो क्लब एका फेरीपुरता मिळत असेल तर मागून घ्या.

कॅडीने नवा सात नंबर हातात घेऊन नेहमीसारखा उलटा केला, पण त्यावर अजून काही घासलेलं नव्हतं. "बघू सहा महिन्यांनी," म्हणाला.

जुना संच भाच्याने मागितला. द्यायच्या आधी त्याला भिंतीशी उभा करून टेप लावली. मनगटापासून जमिनीपर्यंत साडेपस्तीस इंच. गवसणीसकट घेऊन जा म्हटलं, तर बायको म्हणाली, गवसणी परत पाहिजे.