जुनं आहे म्हणून महाग नसते भाऊ

माझ्या कृषी केंद्राच्या काउंटरवर नोटा तपासायची जांभळ्या लाइटची मशीन आहे, तिच्याखाली सध्या मी पाचशेच्या नोटांपेक्षा सिगारेटच्या पाकिटात यायची ती जुनी चित्रांची कार्डं जास्त धरून राहिलो अन् गिऱ्हाईकं माझ्याकडे पाहून राहिली. परवा सोयाबीनचं बियाणं न्यायला आलेल्या एका काकांनी विचारलंच, "काहून बे, हे काय हाये?" म्हटलं फुटबॉलवाल्यांचे फोटो आहेत काका, १९३५ चे, इंग्लंडचे. "मंग एकेक लाखाचा असन!" नाही काका, दीड-दोनशे रुपयांचं आहे एक. काकांचा सगळा इंटरेस्टच गेला, बॅग उचलली अन् निघाले.

त्यांचं चुकलं असं नाही, सगळ्यांनाच वाटते की नव्वद वर्षं जुनं म्हणजे सोनंच. पण ही विल्स कंपनीची कार्डं (तेच विल्स, ज्या नावाची सिगारेट आपल्या पानठेल्यावर मिळते) अफाट छापली गेली. आधी पाकिटातल्या सिगारेटी दबू नये म्हणून नुसता पुठ्ठा टाकायचे, मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की ह्याच्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पूर्ण सेट जमवायला आपलीच सिगारेट ओढत राहीन. १९३५ चा फुटबॉलवाल्यांचा सेट ५० कार्डांचा, अन् पोरांनी बापाकडून, काकाकडून, रस्त्यावर अनोळखी माणसाकडून मागून मागून जमवला अन् अल्बममध्ये जपून ठेवला. जपून ठेवला तिथंच भाव गेला, कारण आजही ढिगानं सापडतात. पुढं दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली अन् १९४० च्या सुमारास हा कार्यक्रमच बंद पडला.

आता ह्याच्या उलटं पाहा. १९५८ चा वर्ल्ड कप स्वीडनमध्ये झाला, पेले तेव्हा १७ वर्षांचा, अन् तिथल्या अलिफाबोलागेट कंपनीनं त्याचं कार्ड काढलं, नंबर ६३५. तेव्हा ते पोरासोरांच्या हातातलं स्वस्तातलं कार्ड. २०२२ मध्ये त्यातलं एक, १० पैकी ९ ग्रेडवालं (म्हणजे हालत जवळपास नव्यासारखी), १३ लाख डॉलरच्या वर गेलं. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, कारण तेच कार्ड कोपरे घासलेलं, मधून मोडलेलं असलं तर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. सगळा खेळ हाच आहे, माणूस कोण, चांगल्या हालतीत उरली किती, अन् घ्यायला मागे लागलेले किती. वय नंतर येते.

अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डांचा एक किस्सा आहे, तो मला लय आवडते. टॉप्स कंपनीचा १९५२ चा माल विकला नाही, गोदामात जागा अडवून बसला, म्हणून १९६० मध्ये पेट्या भरभरून समुद्रात टाकून दिल्या, कंपनीच्या साय बर्गर यांनी स्वतःच सांगितलेलं. त्याच सेटमधलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. अन् मग ऐंशी-नव्वदच्या दशकात सगळ्यांना अक्कल आली की कार्डं जपायची असतात, कंपन्यांनी मरणाची छापली, लोकांनी खोकेच्या खोके सीलबंद ठेवले, अन् आज त्यातल्या बहुतेकांना कोणी कुत्रं विचारत नाही. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात 'कलेक्टर्स एडिशन' लिहिलेलं दिसलं की मी तर हातच लावत नाही.

लाँग टर्म पैसा गुंतवायचं म्हणाल तर हे घरात कापूस भरून भाव चढायची वाट पाहण्यासारखं आहे, फरक एवढाच की कापसाला निदान खेडा खरेदीवाला दारात येते. कार्डाला आर्वी-पुलगावात गिऱ्हाईक नाही, वर्ध्यात नाही, नागपुरातही शोधावं लागते. विकायचं तर बाहेरदेशी पाठवा, लिलाववाल्याचं कमिशन द्या, कुरिअर द्या, अन् घेताना कस्टमचं भरलंय ते वेगळं. वरून भाव कसा हलते ते लॉकडाऊनमध्ये दिसलं, लोक घरात बसून कार्डांवर तुटून पडले, पीएसए म्हणजे कार्डाची हालत पाहून १० पैकी ग्रेड देणारी जी अमेरिकेतली कंपनी आहे तिच्याकडे इतका ढीग लागला की मार्च २०२१ मध्ये तिनं बहुतेक सर्व्हिसच थांबवल्या. वर्षभरानं बऱ्याच कार्डांचे भाव दणकन आपटले. म्हणून पोरीच्या शिक्षणाचा पैसा इथं टाकू नका, एफडी बरी.

पण घ्यायचंच असन तर जांभळ्या लाइटचं लक्षात ठेवा. महायुद्धानंतरच्या काळात कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात केमिकल टाकायला लागले, ते ह्या लाइटखाली निळं चमकते. १९३५ चं खरं कार्ड काळपटच राहते, चमकलं की समजायचं कोणीतरी नंतर छापलं आहे. नाही चमकलं म्हणजे शंभर टक्के खरं असंही नाही बरं, जुन्या कोऱ्या कागदावर छापणारे महाभाग असतात, तिथं मग सोनाराचं भिंग घेऊन छपाईचे ठिपके पाहावे लागते.

अन् आपल्याकडचा खरा दुश्मन नकली माल नाही, कूलर आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलरशिवाय माणूस जगत नाही, अन् कूलर लावला की खोलीत ओल. बबलगमच्या पाकिटात यायची ती जुनी कार्डं समोरून गुळगुळीत अन् मागून उघडा पुठ्ठा, मागची बाजू ओल पिते, समोरची पित नाही, मग कार्ड वाकते अन् सहजासहजी सरळ होत नाही. माझी सगळी स्टीलच्या डब्यात आहेत, सोबत बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या, अन् डबा कूलर नसलेल्या खोलीत. (आई अजून विचारते, "माहा पोळ्यायचा डबा कुठी गेला रे?") साध्या मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ते कालांतरानं चिकटते, पॉलीप्रॉपिलीनचे पातळ कव्हर घ्या. अन् माळ्यावर तर अजिबात नको, उधई लागली तर सगळं माती.

सध्या मला १९८६ च्या वर्ल्ड कपचं पानिनी कंपनीचं मॅराडोनाचं स्टिकर पाहिजे, न चिकटवलेलं, मागचा कागद शाबूत असलेलं. त्या वेळी टीव्हीवर फायनल रात्री साडेअकराला लागली होती, गावात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या अंगणात अर्धं गाव, हे बाबांकडून ऐकलेलं. अन् तुमच्या घरी बिग फन बबलगमची क्रिकेटवाली कार्डं, मागे रन अन् विकेट लिहिलेली, कुठं पेटीत पडून असतील तर रद्दीत घालायच्या आधी एकदा फोटो पाठवा, कोपरे नीट दिसतील असा. क्रिकेटवर मी जास्त पैसे देत नाही, पण बदल्यात विल्सचा एखादा इंग्रज गोलकीपर नक्की देतो.