पी०४५६ : धूर निघाला, पण आधी भलतीकडूनच

गाडी २००८ ची, पहिल्यापासून न्यू जर्सीत. म्हणजे इतके हिवाळे रस्त्यावरचं मीठ खात आलेली. महिन्याभरापूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी०४५६, पेट्रोलच्या वाफेची बारीक गळती. बारीक म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी! पी०४४२ हा तिचा थोरला भाऊ, एक मिलिमीटरवाला.

टाकीचं झाकण बदलून झालंय, ते कुणी सुचवू नका. कोड पुसला, आठ दिवसांत परत हजर.

मग पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात सोडणारी झडप. थंड इंजिन चालू करून कॅनिस्टरकडची (वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्याकडची) नळी काढली, तोंडावर बोट धरलं. ओढ नाही. म्हणजे तो नीट बंद राहतोय, शहाणा आहे.

शनिवारी मित्राचं स्मोक मशीन आणलं, नळ्यांत धूर भरून गळती दाखवणारं. दाब अर्धा पीएसआय, त्यावर नाही. डब्यात तापती तार घालून घरगुती मशीन करतात ते मीही पाहिलंय. पेट्रोलच्या वाफेशेजारी मला ते जमणार नाही. हिरव्या टोपीच्या पोर्टला (वाफेच्या नळीवरचं तपासणीचं तोंड) नळी लावली आणि दोन मिनिटांत मागून भसाभस धूर. "सापडलं!" म्हणून बायकोला हाक मारली. ती चपला घालून येईपर्यंत ट्यूब पेटली: कॅनिस्टरला बाहेरची हवा देणारा व्हेंट व्हॉल्व्ह मुळात उघडाच असतो, करंट दिला की बंद होतो. ती बिचारी तशीच परत गेली.

माझ्या स्वस्त स्कॅनरला तो बंद करता येत नाही, म्हणून व्हेंटच्या नळीला बूच मारलं. दहा मिनिटं काहीच नाही. मग मागच्या चाकावरचं प्लास्टिक उतरवलं. फिलर पाइप (पेट्रोल भरायची नळी) जिथे पट्टीने धरलाय तिथे चिखलामिठाचा दगड झालेला. स्क्रूड्रायव्हरने खरवडला आणि टॉर्चच्या उजेडात उदबत्तीसारखी एक रेघ वर चढली. बोट ठेवलं की गायब, उचललं की परत.

इपॉक्सी लावायचा मोह झाला, पण बोटाखाली पत्र्याचे पापुद्रे निघत होते. नवा पाइप मागवलाय.

पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन. दिवा लागलेला असला तर थेट नापास. कोड पुसल्यावर मात्र २००१ पासूनच्या गाड्यांना एक मॉनिटर (गाडी स्वतःच घेते ती चाचणी) अपुरा चालतो, तो बहुधा या वाफेच्या गळतीचाच राहील. तोवर टाकी अर्ध्यावर ठेवतोय. पाइप काढताना सांडायला नको, आणि टाकी काठोकाठ भरलेली किंवा तळाला गेलेली असली की गाडी ही चाचणी घेतच नाही.