सिडनीचा शेवटचा दिवस आणि बिलावरचं नाव

मेलबर्नला लेकीकडे दिवाळी झाली आणि परतीचं विमान आम्ही मुद्दाम सिडनीहून, रात्रीचं घेतलं. बंदराचं ते शहर दिवसभर मनासारखं बघायचं आणि तिथूनच वडोदऱ्याला निघायचं, असा बेत होता. पण त्या दिवसाचा भला मोठा तुकडा एका दुकानाच्या काउंटरपाशी उभं राहण्यात गेला. तो राग अजून पुरता उतरलेला नाही. आमच्या दांडिया बाजारातल्याच कितीतरी जणी मुलांकडे ऑस्ट्रेलियाला जातात आणि येताना काही ना काही महागाचं घेऊन येतात. त्यांच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायदा काय आहे ते सांगते. तिथे बहुतेक वस्तूंच्या किमतीत १० टक्के जीएसटी धरलेला असतो. देश सोडताना ती वस्तू तुमच्यासोबत असेल, तर टूरिस्ट रिफंड स्कीमखाली हा कर परत मिळतो, म्हणजे छापील किमतीचा अकरावा भाग. अटी अशा: एकाच एबीएनच्या, म्हणजे एकाच व्यापारी नोंदणीच्या दुकानातून किमान ३०० डॉलरची खरेदी हवी, ती निघण्याच्या आधीच्या ६० दिवसांतली हवी, पैसे तुम्ही स्वतः दिलेले हवेत आणि हातात टॅक्स इनव्हॉइस हवं. ३०० डॉलर एकाच बिलात झाले पाहिजेत असं नाही, त्याच दुकानाची दोन-तीन बिलं मिळून झाले तरी चालतात. आणि बिल १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर त्यावर खरेदीदाराचं नाव लागतं, पासपोर्टावर आहे तसं. या शेवटच्या अटीनेच आमचा दिवस खाल्ला.

भाची वडोदऱ्याला आर्किटेक्चर शिकते. तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा होता, तो मेलबर्नला एका साखळी दुकानातून घेतला. किंमत सोळाशे पन्नास डॉलर, म्हणजे परत मिळायचे दीडशे. रुपयांत आठ हजारांच्या वर जातात, सोडून द्यायची रक्कम नव्हे. पैसे देतानाच मी पासपोर्ट काउंटरवर ठेवला आणि बिलावर हेच नाव हवं असं स्पष्ट सांगितलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, नाव सिस्टिममध्ये आलंय, ईमेलवर पूर्ण बिल येईल. ईमेल आला रात्री उशिरा, सिडनीच्या विमानाची बॅग भरून झाल्यावर. त्यात दुकानाचं नाव, एबीएन, तारीख, लॅपटॉपचा मॉडेल नंबर, जीएसटीची रक्कम, सगळं जिथल्या तिथे. फक्त ग्राहकाच्या रकान्यात ‘कस्टमर’.

आमच्या रावपुऱ्यातला भांड्यांचा दुकानदारसुद्धा नाव विचारल्याशिवाय बिल फाडत नाही. इथे मी पासपोर्ट पुढे धरूनही ‘कस्टमर’!

सिडनीत त्याच साखळीचं दुकान जॉर्ज स्ट्रीटवर आहे, म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी हॉटेलात बॅगा ठेवून थेट तिथे गेलो. दहा मिनिटांचं काम, मग ट्राम धरून सर्क्युलर की, म्हणजे बोटींचा मुख्य धक्का, आणि तिथून समुद्रकाठच्या मॅनलीला जाणारी फेरी बोट, असं आमचं गणित. काउंटरवरच्या मुलीने बिल पाहिलं आणि म्हणाली, हे मेलबर्नच्या शाखेचं आहे, बदल तीच शाखा करू शकते. मी म्हटलं, एबीएन एकच आहे, दुकानाचं नाव एकच आहे. ती म्हणाली, सिस्टिम वेगळी आहे. मी म्हटलं, मग मेलबर्नला फोन लावा. तिने नंबर दिला आणि तुम्हीच लावा म्हणाली.

मी लावला. पलीकडे आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग संगीत, मग पुन्हा तोच आवाज, तुमचा कॉल आम्हाला महत्त्वाचा आहे. बऱ्याच वेळाने माणूस आला. त्याने बिल नंबर विचारला, मग लॅपटॉपचा सिरियल नंबर विचारला, मग एक मिनिट म्हणून गेला तो गेलाच. फोन कट. पुन्हा लावला तर दुसरा माणूस, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. तो म्हणाला, नवीन बिल देता येणार नाही, पण नाव असलेलं एक पत्र ईमेलने पाठवतो. मला पत्र नको होतं. विमानतळावर बिल बघतात, पत्राचं काय करायचं? तसं म्हटल्यावर तो म्हणाला, मॅनेजरशी बोला, ते जेवणानंतर येतील.

हे बाजूला उभे होते. त्यांनी हळूच सुचवलं, जाऊ दे, दीडशे डॉलरसाठी अख्खं बंदर घालवायचं का? त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण मी हलले नाही. वर्षानुवर्षं शाळेच्या कार्यालयात कारकुनी केली आहे. दुसऱ्याच्या कागदावर नाव चुकलं तर ते दुरुस्त करून देणं हे माझं काम होतं, आणि ते मी समोरच्याला कधी उद्या या म्हणून टाळलं नाही. दुकानाने चुकवलेलं नाव दुकानानेच दुरुस्त करायला हवं. यांना म्हटलं, तुम्ही फेरीने फिरून या. तेही गेले नाहीत, शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले. बाहेर ट्रामची घंटा वाजली की दोघंही दाराकडे बघत होतो.

शेवटी मी विचारणंच बदललं. काउंटरच्या मुलीला बिल दुरुस्त करा असं म्हणण्याऐवजी विचारलं, या दुकानात ज्यांना बिल पुन्हा छापायचा अधिकार आहे, त्यांचं नाव काय? आणि ते किती वाजता येतात? तेवढ्याने काम हललं. ड्युटी मॅनेजर आतल्या खोलीतच होती, इतका वेळ! ती बाहेर आली, पासपोर्ट हातात घेतला, मूळ व्यवहार तिच्याच स्क्रीनवर उघडला, ग्राहकाच्या रकान्यात माझं नाव, यांचं नाव, आडनाव एकेक अक्षर बघत टाइप केलं आणि प्रिंट दिली. सिस्टिम वेगळी वगैरे काही नव्हतं. सकाळी पहिल्याच मिनिटाला होण्यासारखं काम होतं ते.

तोवर दुपार बरीच कलली होती. मॅनलीला जायला सर्क्युलर कीच्या तीन नंबरच्या धक्क्यावरून मोठी फेरी सुटते. अर्धा तास जायला, तेवढाच यायला. वाटेत बंदराचं तोंड लागतं, तिथे खुल्या समुद्राच्या लाटा आत येतात आणि बोट डोलते, असं जावयाने वर्णन केलं होतं. ती राहिली. त्याऐवजी पिर्मंट बेकडे जाणारी छोटी फेरी धरली, आणि वेळ कमी असेल तर हीच घ्या असं मी सांगेन. ती धक्का सोडते आणि ऑपेरा हाउस मागे टाकत थेट हार्बर ब्रिजच्या पोटाखालून जाते. तिकीट साध्या सार्वजनिक वाहतुकीचं, टूरवाल्यांच्या बोटींचं नव्हे. आपलं बँकेचं कार्ड यंत्राला टेकवलं की झालं, तिथल्या वाहतुकीचं वेगळं ओपल कार्ड काढावं लागत नाही. मात्र चढताना टेकवलं तेच कार्ड उतरताना टेकवायचं.

पूल १९३२ साली खुला झाला. कमानीचा पल्ला ५०३ मीटर आणि माथा पाण्यापासून १३४ मीटर उंच. फोटोत हे आकडे कळत नाहीत. बोट खाली आली की वरून रेल्वे धडधडत जाते, मान पूर्ण मागे टाकली तरी डोक्यावर पोलादच दिसतं, आणि त्यावर रिव्हेटांच्या, म्हणजे पोलाद जोडणाऱ्या जाड खिळ्यांच्या रांगा. असे साठ लाखांच्या आसपास रिव्हेट ठोकलेले आहेत. पुलावरून चालायला पैसे पडत नाहीत. द रॉक्स भागातून वर जायचं आणि पूर्वेकडच्या पादचारी मार्गाने पलीकडे मिल्सन्स पॉइंटला उतरायचं. दोरीला बांधून कमानीवर चढवतात ते वेगळं, आणि महाग.

परत येऊन ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांवर बसून लेकीने दिलेले मेथीचे ठेपले काढले. तिथे एक खबरदारी: सीगल पक्षी हातातला घास नेतात, डबा उघडा ठेवू नका. लांबून ते छत पांढरं शुभ्र दिसतं. जवळ जाऊन हात लावला तेव्हा कळलं, ते सगळं पांढरं नाहीच. दहा लाखांहून जास्त फरशा आहेत, काही चकचकीत पांढऱ्या, काही सायीसारख्या मंद पिवळसर, आणि त्यांची नक्षी तिरपी बसवलेली. उतरत्या उन्हात एक फरशी चमकते, शेजारची चमकत नाही, म्हणून सगळं छत हलल्यासारखं वाटतं. ज्याने हे कल्पिलं त्या योर्न उट्झनने १९५७ मध्ये स्पर्धा जिंकली, सरकारशी वाद होऊन १९६६ मध्ये काम सोडलं, आणि १९७३ मध्ये वास्तू खुली झाली तरी ती पूर्ण झालेली बघायला तो कधी परत आला नाही. हे वाचलेलं होतं, पण फरशीवर हात ठेवल्यावर मन फार जड झालं.

अजून थोडा वेळ असेल तर शेजारच्या बॉटनिक गार्डनमधून चालत मिसेस मॅक्वारीज चेअरपर्यंत जा. १८१० साली कैद्यांनी खडकात कोरलेला बाक आहे तो. पूल आणि ऑपेरा हाउस एकाच फोटोत तिथूनच नीट येतात. बाग फुकट आहे. नोव्हेंबरात गेलात तर शहरात जॅकरांडा जांभळा फुललेला मिळतो.

विमानतळावर सर्क्युलर कीहून सरळ ट्रेन जाते, पण विमानतळाच्या स्टेशनावर नेहमीच्या भाड्यावर वेगळं स्टेशन शुल्क लागतं. चौघं असाल तर टॅक्सीशी तुलना करून बघा. रात्री ११ ते सकाळी ६ तिथे विमानांना बंदी असते, त्यामुळे संध्याकाळी उड्डाणांची आणि माणसांची दोन्हींची दाटी होते.

रिफंडचा काउंटर इमिग्रेशन पार केल्यावर आत आहे, म्हणून वस्तू हातातल्या बॅगेत हवी. मोठी वस्तू किंवा द्रवपदार्थ असेल आणि तो चेक-इन बॅगेत टाकायचा असेल, तर आधी बाहेरच बॉर्डर फोर्सच्या, म्हणजे तिथल्या कस्टम्सवाल्यांच्या कक्षात दाखवून घ्यायचा. उड्डाणाच्या ३० मिनिटे आधी दावा घेणं बंद होतं. त्यांच्या वेबसाइटवर माहिती आधी भरली की क्यूआर कोड मिळतो आणि रांग वेगळी लागते. तिथल्या माणसाने पासपोर्ट, बिल आणि लॅपटॉप पाहिला, नावावर बोट फिरवलं, क्रेडिट कार्डाचा नंबर घेतला. रोख देत नाहीत. वस्तू वापरलेली असली तरी हरकत नसते, पण खोका टाकू नका, सिरियल नंबर त्यावर मोठा छापलेला असतो. आपल्याकडे उतरताना अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो, तेव्हा तिकडची काळजी नाही.

लेकीकडे तीन-चार महिने राहणार असाल तर मोठी खरेदी पहिल्या आठवड्यात करू नका, ६० दिवसांची मुदत तिथेच संपते. आणि पैसे देऊन झाल्यावर काउंटर सोडू नका. छापील बिल हातात घ्या, वर ‘टॅक्स इनव्हॉइस’ हे शब्द, अकरा आकड्यांचा एबीएन आणि आपलं पासपोर्टातलं नाव तिथेच उभ्याने वाचा. ईमेलने येईल म्हणाले तर ईमेल येईपर्यंत थांबा. मागे रांग असली तरी थांबा. दीडशे डॉलर आमच्या कार्डावर जमा झाले, आणि मॅनलीची फेरी पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी करणार आहोत, लेकीला तसं सांगूनही ठेवलंय.