टेलर, श्नायडर, क्रॅव्हेट्स

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं खरं आडनाव पोस्टमन आणि तलाठी सोडले तर फार कोणाला माहीत नाही. मी टेलरभाऊ. बाबांना शिंपीबुवा म्हणत. धाकट्यानं मोबाइलचं दुकान टाकलं आणि तो मोबाइलवाला झाला. धंदा बदलला की नाव बदलते, कोणाची परवानगी लागत नाही.

युरोपातल्या ज्यू शिंप्यांना ही मोकळीक उरली नाही. पूर्वी तिथल्या बहुतेक ज्यूंचं स्वतःचं आणि बापाचं नाव एवढ्यावर भागायचं. मग १७८७ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ यानं हुकूम काढला: कायमचं जर्मन आडनाव घ्या. रशियानं १८०४ मध्ये, नेपोलियननं १८०८ मध्ये असेच कायदे केले. कर आणि सैन्यभरतीच्या वह्या भरायच्या होत्या ना! तेव्हा जो शिवणकाम करत होता, तो कुठे श्नायडर झाला, कुठे क्रॅव्हेट्स, कुठे पोर्टनॉय; भाषा वेगळ्या, अर्थ शिंपीच. काहींनी शिंप्यासाठीचा हिब्रू शब्द धरून खायत घेतलं. सुईवरून नाडेल आलं आणि अंगुस्तान्यावरून, म्हणजे शिवताना बोटात घालायच्या टोपीवरून, चक्क फिंगरहुट! माझा अंगुस्ताना तर कामाच्या वेळी सापडत नाही.

दुकानात हे सांगितलं तेव्हा पॅन्ट आल्टर करायला आलेल्या एका कास्तकारानं विचारलं, "मंग त्याईचा पोरगा डॉक्टर झाला, त तरी शिंपीच काय?" हाव, डॉक्टर श्नायडर.

इतके ज्यू शिंपी का, याचं एक कारण जमीन. बऱ्याच मुलखांत त्यांना शेतजमीन घेता येत नसे, ख्रिस्ती कारागिरांचे संघ दारात उभं करत नसत. कात्री-सुई घेऊन मात्र कुठेही पोट भरता येते. दुसरं कारण धर्माचं. लोकर आणि लिनन एका कपड्यात मिसळायचं नाही, असा त्यांचा नियम. त्याला शात्नेझ म्हणतात. कोटाच्या कॉलरमधल्या कॅनव्हासात लिनन निघू शकते, म्हणून नियम जाणणारा शिंपी आपल्यातलाच बरा. लिनन जवसाच्या झाडापासून निघते. आमच्याकडे जवस चटणीला आणि तेलाला; टेरिकॉट शिवणाऱ्या माणसाला असलं सोवळं परवडणार नाही.

आडनावावरून धर्म ओळखायला मात्र जाऊ नका. जर्मनीत श्नायडर हे सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे आणि त्यातले बहुतेक ख्रिस्ती. क्रॅव्हेट्स युक्रेनी ख्रिस्त्यांतही आहेत. अमेरिकी गायक लेनी क्रॅविट्झ यांचे वडील मात्र ज्यू घराण्यातले.

आणि आपले मराठी ज्यू? कोकणातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं मात्र त्यांनी गावांवरून घेतली: पेणकर, रोहेकर, नवगावकर. घाणा सुटला, माणसं मुंबईला गेली, काही थेट इस्राएलला. तिथंही पेणकर पेणकरच आहेत.