लेथवरची खुंटी आणि एक सेकंद

लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, चालू असताना फोटो काढायचा तर शटर फास्ट ठेव, हे मला ज्याने त्याने सांगून झालंय. मोबाईलवर काढून बघितलेत की तसे. लाकूड थिजलेलं, ढलप्या हवेत लटकलेल्या, आणि एकूण असं वाटतं की लाईट गेलीय आणि कारागीर अण्णा उगाच पटाशी टेकवून उभे आहेत. मला नाही पटत ते. म्हणून हा खटाटोप, चार बाय पाच इंची फिल्मचा, भात्याचा कॅमेरा, जड ट्रायपॉड, डोक्यावर काळं कापड आणि एक सेकंदाचं एक्स्पोजर.

अण्णांचं दुकान मिरजेत. लाटणी, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याचे दांडे असं सगळंच करतात ते, पण मी जातो तंबोऱ्याच्या तारा ताणायच्या खुंट्यांसाठी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा जिकडे तिकडे भोपळ्यांचेच फोटो, बरोबरच आहे म्हणा, भोपळा दिसतोच भारी, पण खुंटीकडे कोण बघतंय? ती नीट निमुळती नसली तर तार चढवली की सटकते आणि गवई बसतो खडू घासत.

तर चौकोनी तुकडा लेथला लावून मोटर चालू केली की त्याच्याभोवती एक धुरकट कड दिसते. दोन इंची चौकोन असेल तर मधला दोन इंचाचा गोल भरीव दिसतो आणि फिरणाऱ्या कोपऱ्यांची सावली पार पावणेतीन इंचाच्याही जरा बाहेर जाते. मी इतके दिवस समजत होतो की कारागीर पटाशीच्या टोकाकडे बघत असणार. अण्णा म्हणाले, "न्हाई ओ पावणं, हत्याराकडं बघितलं की काम बिघडतंय. ही वरची सावली दिसतीया न्हवं, तिच्यावर नजर ठेवायची. ती गेली की लाकूड गोल झालं."

आणि गंमत अशी की एक सेकंदाच्या फिल्मवर नेमकी हीच सावली उतरते. मिनिटाला हजारबाराशे फेरे धरले तर सेकंदात वीसेक फेरे होतात, कोपऱ्यांचा पारदर्शक पडदा तयार होतो आणि आतला गाभा ठणठणीत. लाकूड गोल झाल्यावर तर अजून मजा, कारण गोल वस्तू कितीही फिरली तरी तिची कड जागची हलत नाही, त्यामुळे खुंटीचं डोकं, त्याखालचं कडं, खाचा, सगळं एकदम शार्प येतं, फक्त लाकडाच्या रेषा पुसल्या जातात आणि पृष्ठभाग ओल्या रेशमासारखा दिसतो. हलतात ते अण्णा. त्यातही डावा अंगठा रेस्टवर, म्हणजे पटाशी टेकवायच्या पट्टीवर, दाबून धरलेला असतो, तो नखातल्या भुशासकट स्वच्छ येतो, पण उजवं मनगट आणि मूठ धूसर, कारण पटाशी हाताने नाही, सगळं अंग कमरेतून झुकवून फिरवतात ते. मोबाईलच्या एकाही फोटोत मला हे कळलं नव्हतं.

आता जरा कॅमेऱ्याचं. लेन्स १५० एमएमची, खुंटी आणि हात एवढंच घ्यायचं तर भाता २१० पर्यंत ओढावा लागतो, म्हणजे सरळ एक स्टॉप प्रकाश कमी, निम्माच. मीटर लेन्सच्या एफ १६ च्या छिद्राला अर्धा सेकंद म्हणतो, मी एक देतो. लेथ तिरका दिसत असतो, मग पुढची लेन्स थोडी स्विंग केली, म्हणजे बाजूला वळवली, की फोकसचा पट्टा खुंटीच्या आसाबरोबर पडतो, हा शाइमफ्लुगचा नियम, त्या ऑस्ट्रियन माणसाचं पेटंट १९०४ चं. घासलेल्या काचेवर हे सगळं उलटं दिसतं. मोटर चालू झाली की फरशी थरथरते म्हणून ट्रायपॉडचे पाय उंबऱ्याबाहेर मातीत. फिल्मचे होल्डर झिपच्या पिशवीत, कारण भुशाचा एक कण फिल्मवर बसला की प्रिंटवर काळा ठिपका आलाच.

फिल्म मात्र एक्स-रेची, ग्रीन सेन्सिटिव्ह. इम्पोर्टेड शीट्सचे भाव बघून दुसरं काही सुचलं नाही, आणि दवाखान्यांच्या मिरजेत एक्स-रे फिल्म शोधायला लांब जावं लागत नाही. आठ बाय दहाच्या शीटचे चार तुकडे लाल दिव्यातच कापता येतात, मी फिल्मचा स्पीड, म्हणजे आयएसओ, ८० धरतो. दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, असल्यामुळे ओरखडे पटकन उठतात, त्यावर उपाय म्हणजे डेव्हलपिंगच्या ट्रेच्या तळाशी काच ठेवायची. उन्हाळ्यात नळाचं पाणी गरम म्हणून माठातलं पाणी आणि वर बर्फ. लाल रंग तिला दिसत नाही, त्यामुळे शिसम जवळजवळ काळं येतं आणि हातावरची शीर न् शीर उठून दिसते. हाताला ते शोभतं. चेहऱ्याला सगळ्यांना चालेलच असं नाही.

म्हणजे अण्णांच्या घरच्यांना नाहीच चाललं. सावलीवाला प्रिंट सूनबाईंनी बघितला, "हात हललाय की ओ" म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. त्यांना आवडला तो मशीन बंद करून, टोपी सरळ करून, ताठ उभं करून काढलेला, माझ्या मते सगळ्यात मिळमिळीत. फ्रेम त्याचीच करायचीय. अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, की ह्यात रंगीत येत नाही काय.