साथ आली तर जन्मजात हृदयदोष असलेल्यांनी काय बघायचं?

‘लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं, आता तिशी ओलांडली. कोविडसारखी साथ पुन्हा आली तर मला इतरांपेक्षा जास्त धोका आहे का?’ हा प्रश्न तुम्ही इतक्यांदा विचारलात, की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

दोषाच्या नावावरून याचं उत्तर मिळत नाही, आज हृदय कसं चालतंय त्यावरून मिळतं. छिद्र वेळेत बंद झालं, फुप्फुसांतला रक्तदाब नॉर्मल आहे, ठोके नियमित आहेत, जिना चढताना दम लागत नाही, अशा माणसाचा धोका साधारण त्याच्या वयाच्या इतरांएवढाच. कोविडमध्येही हेच दिसलं. रचना किती गुंतागुंतीची यापेक्षा रक्तात ऑक्सिजन कमी असल्याने अंगाला येणारा निळेपणा, फुप्फुसांतला वाढलेला दाब, आधी हार्ट फेल्युअरसाठी दाखल व्हावं लागणं, किडनीचा विकार आणि मधुमेह यांनी जास्त घात केला. डाऊन सिंड्रोम असेल तर धोका आणखी वाढतो.

फोंटान ऑपरेशन (पंप करणारा एकच कप्पा असलेल्या हृदयासाठीचं) झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा कप्पाच नसतो, शिरांतलं रक्त आपल्याच दाबाने तिकडे वाहतं. न्यूमोनियात ऑक्सिजन घटला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, प्रवाह मंदावतो आणि पुढे पंप करायला रक्तच पुरत नाही. ताप-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं तरी तेच. आयझेनमेंगरमध्ये, म्हणजे न मिटलेल्या छिद्रामुळे फुप्फुसांतला दाब वाढून रक्त उलट वाहू लागतं त्या आजारात, ताप आला की शरीरातल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि अशुद्ध रक्त छिद्रातून जास्त प्रमाणात शरीरात मिसळतं. त्यांना सलाईन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, कारण तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. हे नर्सला आवर्जून सांगायचं, संकोच करायचा नाही.

आता ऑक्सिमीटर. कोविडच्या काळात ‘९४च्या खाली गेलं की दवाखाना’ हे सगळ्यांना पाठ झालं होतं. ज्याचं रोजचंच ८४ आहे त्याला हा आकडा काय कामाचा? साथ नसताना आठवडाभर, पाच मिनिटं शांत बसून, बोट कोमट असताना, नेलपॉलिश काढून, आकडा स्थिरावल्यावर लिहून ठेवा. तो तुमचा नॉर्मल. आजारपणात त्याच्यापेक्षा चार-पाचने खाली जाऊन तिथेच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ८०च्या खाली हे यंत्र फारसं भरवशाचं नसतं, सावळ्या त्वचेवर कधीकधी जास्तही दाखवतं, म्हणून एका आकड्यापेक्षा उतरण बघायची. लहानपणी बीटी शंट (हाताच्या धमनीतून फुप्फुसांकडे रक्त वळवणारं ऑपरेशन) झाला असेल तर त्या बाजूच्या हाताला रक्तदाब खोटा कमी येऊ शकतो, म्हणून दुसऱ्या हातावर मोजा.

सगळ्यात घातक चूक मात्र वेगळीच आहे. साथीत प्रत्येक ताप विषाणूच्या खात्यावर टाकला जातो आणि आपल्याआपण अँटिबायोटिक सुरू होतं. कृत्रिम झडप असलेल्याला, निळेपणा असलेल्याला किंवा आधी एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग) होऊन गेलेल्याला तीन-चार दिवसांत न उतरणारा ताप आला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) झालंच पाहिजे. नंतर केलं तर जंतू बऱ्याचदा सापडत नाहीत आणि झडपेवरचा संसर्ग आतल्या आत वाढत राहतो.

नाडीचंही तसंच. तापात ती वाढते आणि ताप उतरला की खाली येते. ताप उतरूनही ती १२०-१३०वर खिळून राहिली, झोपलं-उठलं तरी हलत नसेल, तर तो बहुधा तापाचा परिणाम नसून हृदयाच्या वरच्या कप्प्यातली, म्हणजे कर्णिकेतली, ठोक्यांची बिघडलेली लय अर्थात अ‍ॅरिदमिया असते. फोंटान किंवा मस्टर्ड (उलट्या जोडलेल्या महाधमन्यांसाठीचं जुनं ऑपरेशन) झालेल्यांनी अशा वेळी लगेच ईसीजी काढावा.

औषधांचं थोडक्यात: तापाला पॅरासिटामॉल, पण फोंटानमुळे यकृतावर परिणाम झाला असेल तर डोस विचारून. आयब्युप्रोफेन टाळा, विशेषतः वॉरफरिन (रक्त पातळ करणारं) किंवा डाययुरेटिक (लघवी वाढवणारं) औषध चालू असताना. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्याही नकोत. कोविडसाठीचं रिटोनाविर असलेलं औषध फुप्फुसांच्या दाबावरच्या सिल्डेनाफिल किंवा ठोक्यांच्या लयीसाठीच्या अ‍ॅमिओडरोनसोबत चालत नाही. फुप्फुसांच्या दाबाची औषधं एकदम बंद झाली तर दाब उसळतो, म्हणून महिनाभराचा साठा घरात असू द्या. उलट्या-जुलाब सुरू झाले तर डाययुरेटिक तसंच रेटू नका, डोस विचारा.

फ्लूची लस दरवर्षी, कोविड आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) डॉक्टरांच्या सल्ल्याने. वॉरफरिन चालू असेल तरी लस घेता येते. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) हद्दीत असावा, सुई बारीक असावी, आणि नंतर न चोळता किमान दोन मिनिटं दाबून धरावं.

एका कागदावर दोषाचं नाव, ऑपरेशनं आणि त्यांची वर्षं, नेहमीचं ऑक्सिजन, रक्तदाब कोणत्या हाताला घ्यायचा, औषधं आणि आपल्या हृदयतज्ज्ञाचा नंबर लिहा. सोबत जुन्या ईसीजीची प्रत जोडा. फॅलॉटच्या (छिद्र आणि फुप्फुसांकडची अरुंद वाट असलेल्या दोषाच्या) ऑपरेशननंतर बहुतेकांच्या ईसीजीत राईट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या उजव्या बाजूला विजेचा संदेश उशिरा पोचणं) असतोच. जुनी प्रत समोर नसेल, तर रात्रपाळीचा अनोळखी डॉक्टर त्यालाच नवा बिघाड समजून बसतो.