न बोलला जाणारा 'के'

"लिहायचा आणि बोलायचा नाही, मग हा 'के' ठेवलाय कशाला?" शब्दलेखनाच्या वहीत 'नाईफ'मधला 'के' विसरल्यामुळे गुण गमावून बसलेल्या भाचीने आज संध्याकाळी विचारले आणि मी, इंग्रजी असेच असते, असे मोघम उत्तर देऊन सुटका करून घेतली. ते उत्तर मात्र मलाच टोचत राहिले.

कारण हा 'के' एकेकाळी खरोखर उच्चारला जात असे. जुन्या इंग्रजीत गुडघ्याला 'क्नेओ' म्हणत. जर्मनीत आजही 'क्नी' आणि स्वीडनमध्ये सुरीला 'क्निव्ह' म्हणतात. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, त्यानंतर शब्दांची रूपे हळूहळू कागदावर स्थिरावली आणि पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास जिभेने 'क' सोडून दिला. 'नाईट' या सरदारी शब्दाचा मूळ अर्थ तर केवळ पोरगा किंवा चाकर असा होता.

पण मी रेंगाळलो तो 'नी' म्हणजे गुडघा आणि 'के'ने सुरू होणारा 'नो' म्हणजे जाणणे, या दोन शब्दांपाशी. पहिल्याचे मूळ आणि आपल्या 'आजानुबाहू'तल्या 'जानु'चे मूळ एकच. दुसऱ्याचे आणि 'ज्ञान'मधल्या 'ज्ञा'चेही एकच. तिकडे त्या मूळ धातूतल्या आरंभीच्या व्यंजनाचा 'क' झाला, इकडे 'ज'.

आणि तो 'ज' तरी आपण कुठे उच्चारतो? लिहितो 'ज्ञान', म्हणतो 'द्न्यान'. भाचीने उद्या त्याबद्दल विचारले, तर काय सांगू?